डाग कशाचा, ते आधी सांगा

दादा, तुझ्या दुकानाचं शटर मला उघडेना. कुलूप निघालं, पण शटर गुडघ्याएवढं वर येऊन अडकलं. मी, अठ्ठावन्न वर्षांचा, पाठीत उसण भरलेला माणूस, गुलमंडीच्या त्या बोळात वाकून त्याला झटके देत बसलो. शेवटी समोरचा बांगडीवाला वैतागून म्हणाला, "साहेब, डाव्या अंगाला लाथ घाला. दादा रोज घालायचे." घातली. उघडलं. चाळीस वर्षं तू रोज सकाळी त्या शटरला लाथ घालत होतास आणि तुझ्या सख्ख्या भावाला ते एका बांगडीवाल्याकडून कळलं.

आत धुण्याचा सोडा, डांबराच्या गोळ्या आणि गरम इस्त्रीखाली ओल्या सुताचा येतो तो वास, सगळं जागच्या जागी होतं. मी तुझ्या स्टुलावर बसलो आणि मग रडलो. तेरा दिवसांत मला नीट रडायला सवड मिळाली नव्हती. थोरला भाऊ गेला की धाकट्याला रडू देत नाहीत, कामाला लावतात. गुरुजी बघ, पत्रावळ्या बघ, पाहुण्यांच्या आंघोळीचं बघ. मुकुंदवाडीत आठ दिवस नळाला पाणी नव्हतं, तुझ्या तेरवीच्या स्वयंपाकाला टँकर मागवला. टँकरवाल्याशी भांडतानाही मला वाटत होतं, दादा असता तर यानं असा भाव खाल्ला नसता.

पण मी दुकानात आपणहून आलो नाही, हे आधीच सांगतो. मला वहिनींनी पाठवलं. तेही कशावरून, तर फ्लेक्सवरून.

तू गेलास त्याच दिवशी संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. फोटो मिळाला, नावाखाली काय टाकू? मला एक क्षणसुद्धा विचार करावा लागला नाही, दादा. तोंडाला सवयच होती. म्हणालो, "लिही, गुलमंडीतील प्रतिष्ठित कापड व्यापारी." दुसऱ्या दिवशी तुझ्या घरासमोरच्या चौकात फ्लेक्स लागला. तुझ्या डोक्यावर पांढरी टोपी, खाली हात जोडलेल्या तीस-चाळीस जणांचे फोटो, आणि मध्ये ते. तेरवीच्या दिवशी दोन पुढाऱ्यांनी माइकवर तुला श्रद्धांजली वाहिली. एकानं तर सांगितलं की तुझ्या जाण्यानं शहराच्या कापड बाजाराची न भरून येणारी हानी झाली. मी मान खाली घालून ऐकत होतो.

पाहुणे गेल्यावर वहिनी दारात उभ्या राहून फ्लेक्सकडं बघत होत्या. मी जवळ गेलो तर शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, हे कोण वारलं?"

मी वर फ्लेक्सकडं बघितलं.

"माझा नवरा कापडं धुवायचा. लोकांचे डाग काढायचा. हा व्यापारी कोण मेला ते मला म्हाईत न्हाय. आन् त्याच्या तेरवीला मी कशाला रडले तेबी कळंना." मग म्हणाल्या, "दुकानात लोकांची कापडं पडलीत. ह्येंचा जीव अडकला असंल त्यात. मला तिथवर चालवत न्हाय. तुम्ही जा आन् ज्याचं त्याला द्या."

म्हणून आलो.

दादा, तू सातवी शिकून मेंढरं सोडलीस आणि संभाजीनगरला करीमचाचांच्या लॉन्ड्रीत कामाला लागलास, तेव्हा आबा काय बोलले ते मला पाठ आहे. मी दहा वर्षांचा होतो, खांडवातल्या कोकरांना पाला टाकत होतो. आबा म्हणाले, "मेंढरामागं पाय झिजवलं आपण, उन्हातानात रानोमाळ हिंडलो, पर दुसऱ्याची मळकी कापडं न्हाय धुतली. घराण्याला डाग लावलास." आणि तू, अठरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, काय म्हणालास? "लावला तर काढीन की, आबा. त्येच तर शिकतोय." आबांनी तुझ्यावर काठी भिरकावली होती. मी पाला टाकता टाकता हसलो म्हणून मलाही एक बसली.

पुढं आबा मऊ झाले. एकदा ते दुकानात आले, तेव्हा तू बिब्ब्यानं कपड्यावर खूण करत होतास. बिब्ब्यात सुई टोचायची, काळा रस निघतो, त्यानं कॉलरच्या आत दोन रेघा, एक टिंब, जे काही त्या घराचं चिन्ह असेल ते काढायचं, आणि वरून चुना लावायचा. मग कितीही धुवा, जात नाही. आबा मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचे, दुसऱ्याच्या खांडवात मिसळली तरी आपली ओळखू यावीत म्हणून. तू म्हणालास, "आबा, तुमचंच काम करतोय. तुमची मेंढरं बें बें करतात, माझी गप बसतात, येवढाच फरक." आबा खो खो हसले. त्यांचं मिटलं. त्यांनी ज्याला डाग म्हटलं होतं, तो डाग आबा त्या दिवशी विसरून गेले. मी तो उचलून पुढं नेला.

कॉलेजची तीन वर्षं मी दुकानामागच्या खोलीत राहिलो. सगळं आठवतं. करीमचाचा गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, "दाग काहे का है, मियाँ? पहले सच बोलो, पानी बाद में." लोक खरं सांगत नाहीत. दारू सांडलेला माणूस औषध म्हणतो, पान थुंकताना शर्टावर उडालं तर चहा म्हणतो. आणि डागाचा नियम असा की खोट्या नावानं त्याला हात लावला तर तो पक्का बसतो. रक्ताला गरम पाणी लागलं की संपलं. शाईला एक औषध, तेलाला दुसरं, गंजाला लिंबू-मीठ. चाचा गेले, दुकान तुझ्याकडं आलं, आणि तूही तेच विचारायला लागलास, फक्त मराठीत.

आणि मी तुझ्याशी पहिलं खोटं त्या डागावरूनच बोललो.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी एका गिऱ्हाइकाचा शर्ट घालून गेलो होतो. लॉन्ड्रीत राहणारा कुठला पोरगा हे करत नाही? रेशमी, फिकट पिवळसर, नुकता इस्त्री केलेला. तिथं जेवणात मटणाचा रस्सा छातीवर सांडला. मी येऊन तुला म्हणालो, "गिऱ्हाइकानं दिला तेव्हाच होता डाग, चहाचा आहे म्हणाला." तू साबण लावलास. आणि तो डाग आपल्या डोळ्यांदेखत लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला ठाऊक नव्हतं. तू शर्ट वर धरलास, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "भान्या, चहा असा लाजत न्हाय रं." मग इतका हसलास की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. दोन दिवस शर्ट कडक उन्हात वाळत घातलास. हळद उन्हानं उडते. डाग पुरता गेला नाही, पण गिऱ्हाइकाला कळलं नाही. मला तू एवढंच म्हणालास, "घालायचाच असला तर मला सांगून घाल. मी भारी बघून देईन."

असा तू. मला राग येतो, दादा. तू रागावला असतास तर मी सुधारलो असतो कदाचित.

मला सरकारी नोकरी लागली, लग्न ठरलं. सासऱ्यांनी विचारलं, थोरले बंधू काय करतात? मी म्हणालो, "गुलमंडीत कपड्याचं दुकान आहे." तू शेजारीच बसला होतास. बाहेर आल्यावर म्हणालास, "खोटं न्हाय बोललास. कपड्याचंच हाय. फक्त कपडे दुसऱ्याचे." आपण दोघं हसलो. सुमन घरात आली, तिला महिनाभरात सगळं कळलं, तिनं तोंड वाकडं केलं नाही. तिनं तर पहिल्याच दिवाळीला तिचा शालू तुझ्याकडं आणला. पण ऑफिसात, सोसायटीत, पाहुण्यांत माझ्या तोंडी ते बसलंच. दादा दुकानावर गेलाय. दादाचं दुकान आहे. कसलं दुकान ते कुणी विचारलंच तर, "कापडाचं." ही चाल मला अंगवळणी पडली. तुलाही पडली, असं मी समजत होतो.

मग माझ्या लेकीचा, पल्लवीचा साखरपुडा.

हे मला लिहायचंच नव्हतं. चार दिवस झाले, त्याच्या अलीकडं येऊन थांबतो आणि चहा प्यायला जातो. आज लिहितो.

मुलगी बघायला आले तेव्हा मी तुला बोलावलं नव्हतं. "दुकान सोडून कशाला दगदग करतोस," म्हणालो होतो. साखरपुड्याला मात्र काकाशिवाय कसं चालेल? तू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलास, तुझ्या बोटांची टोकं बिब्ब्यानं कायमची काळी, ती तू रुमालात धरली होतीस. पल्लवी आत साडी बदलत होती. माझे मोठे साहेब माझ्या शेजारी उभे होते. आणि पल्लवीचे होणारे सासरे, छावणीतले निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, ते तुझ्याकडं बघून एकदम खुलले.

"अरे वा! दादा, तुम्ही इथं? अहो, हे तर आमचे लॉन्ड्रीवाले! पंधरा वर्षं माझे कपडे यांच्याकडं आहेत. असा डाग काढणारा माणूस अख्ख्या शहरात नाही." मग माझ्याकडं वळून, "हे तुमचे कोण?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "सर, काहीतरी गफलत होतीय. हे माझे थोरले बंधू. यांचा गुलमंडीत कापडाचा व्यापार आहे. तुमचे लॉन्ड्रीवाले दुसरे कुणी असतील."

सरांनी तुझ्याकडं बघितलं. ते वाट बघत होते, तू काय म्हणतोस त्याची. मी पण वाट बघत होतो. तू हसलास. म्हणालास, "माणसासारखा माणूस असतो, सर."

"असेल, असेल," सर म्हणाले. "वय झालं माझं. नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

तू जेवला नाहीस. दुकानावर टँकर यायचाय म्हणून निघालास. कुठला टँकर? तेव्हा नळाला पाणी चालू होतं.

दोन दिवसांनी मी दुकानात आलो. माफी मागायला आलो होतो, खरंच. रस्त्यानं वाक्यं जुळवत आलो होतो. तू बिब्ब्यात सुई टोचत होतास. मी म्हणालो, "दादा, साहेब शेजारी होते रे." तू म्हणालास, "व्हय." मी म्हणालो, "पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता." तू म्हणालास, "कळलं की." आणि मग वर बघून म्हणालास, "मी हसलो ते पल्लीसाठी. तुझ्यासाठी हसलो आसं समजू नगंस." एवढंच. तेवढ्यावर मी पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मला राग आला. मी म्हणालो, "तू जन्मात एखादा बरा धंदा केला असतास तर ही वेळ आली नसती!"

तू सुई ठेवलीस. मग विचारलंस, "तुमच्याकडं पाणी आलं का?"

मी म्हणालो, "आलं. परवा."

आणि दादा, त्यानंतर तीन वर्षं आपण फक्त पाण्यावर बोललो. दर रविवारी फोन. पाणी आलं का? न्हाय, आज आठवा दिवस. तुमच्याकडं? रात्री सोडणार म्हणतात. बरं, ठेवतो. इतकी वर्षं या शहराला पाणी नीट मिळालं असतं, तर आपल्याला बोलायला काहीच उरलं नसतं. लग्नात तू मागं उभा राहून अक्षता टाकल्यास आणि गेलास. पल्लवीच्या घरी तू एकदाही पाऊल टाकलं नाहीस. ती बोलावून थकली. मी समजत होतो, तू माझ्यावर रुसलास. रुसणं तुझा हक्कच होता, आणि मी तुझी समजूत काढायला पुढच्या रविवारी जाणार होतो. प्रत्येक वेळी पुढच्या रविवारी. तू मंगळवारी सकाळी चहा बशीत ओततानाच गेलास.

आता दुकानाचं सांगतो. मी आठ दिवसांची रजा टाकली आणि रोज येऊन बसलो. शटरवर कागद चिकटवला, कपडे घेऊन जावेत म्हणून. लोक आले, दादा. पावती असलेले, पावती हरवलेले, नुसते बघायला आलेले. कॉलरमधल्या खुणा मला लागेनात, रेघा आणि टिंबं सगळी सारखीच दिसायची. दुसऱ्या दिवशी मला फडताळात तुझं रजिस्टर सापडलं. खूण, नाव, कपडा. आणि त्यापुढं दोन रकाने तू स्वतः आखलेले. एकावर लिहिलंस 'म्हणाले', दुसऱ्यावर 'आहे'.

मी काम सोडून तेच वाचत बसलो.

म्हणाले: चहा. आहे: पान. म्हणाले: खोकल्याचं औषध. आहे: दारू. खाली बारीक अक्षरात, 'ह्येंचा खोकला बरा होत न्हाय.' म्हणाली: मेंदी. आहे: रक्त. थंड पाणी. 'इचारायचं न्हाय. बांगडीवाल्याच्या बायकोला सांगितलं, ती जाऊन बसती तिच्याकडं.' पानंच्या पानं. सगळं शहर तुझ्याशी खोटं बोलत होतं आणि तू कुणालाही उघडं न पाडता त्यांचे डाग काढत होतास. माझं नाव कुठं आहे का बघितलं. नव्हतं. घरच्यांचे कपडे तू लिहितच नव्हतास.

चौथ्या दिवशी शहागंजहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. तू गेल्याचं ऐकून मटकन बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मेरी बेटी के निकाह का जोडा, दुल्हन का कपडा, खराब हो गया था, निकाह के दिन सुबह. दादा ने दो घंटे में साफ करके घर लाके दिया. खुद." मग डोळे पुसून विचारलं, "आप उनके कौन?"

दादा, मी म्हणालो, "मी… दुकान बघतोय सध्या."

विचार कर. तुझ्या स्टुलावर बसून. तेरवी झाल्यावर. समोर एक म्हातारी, तिचा माझ्या ऑफिसशी संबंध नाही, साहेबांशी नाही. तरी तोंडातून निघेना. त्या बाई गेल्यावर मी स्वतःला एक सणसणीत शिवी घातली, आईवरून नाही, आई आपल्या दोघांची एकच.

सहाव्या दिवशी सगळं संपत आलं. वरच्या दांड्यावर, सगळ्यात आत, कागदात गुंडाळलेला एक राखाडी लोकरी कोट होता. बाकीच्या कागदांवर धूळ, याच्यावर नव्हती. खिशात कडुनिंबाचा पाला ठेवलेला, तो सुकला होता, पण अजून हिरवाच होता. कॉलर उलटली. दोन उभ्या रेघा, खाली टिंब. रजिस्टरात शोधत शोधत तीन वर्षं मागं गेलो. नाव सरांचं. साखरपुड्याच्या आठवडाभर आधीची नोंद. म्हणाले: शाई. आहे: शाई. आणि खाली, 'पेन खिशात उलटं ठेवलं, चूक माझीच म्हणाले. पोराचा साखरपुडा सांगितला, म्हंजी आपलेच व्याही. खरा माणूस. पल्लीचं नशीब चांगलं.'

म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं ते कोण आहेत. तू त्या दिवशी साखरपुड्याला आनंदानं आला होतास. ओळखीच्या, खऱ्या माणसाच्या घरी पोरगी चालली म्हणून.

मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्यो कोट व्हय? सर पुन्हा आलेच न्हाईत न्ह्यायला. दर दिवाळीला हे त्याला काढून इस्त्री फिरवायचे. म्या म्हणलं, छावणी काय लांब हाय, देऊन या की. तर म्हणले, मी घिऊन गेलो तर भान्या उघडा पडंल."

मी म्हणालो, "वहिनी, ठेवतो."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता कोन न्हेनार?"

कोट हँगरवर होता, घडी घातली असती तर मोडला असता. स्कूटरवर नेता येईना. मी तो हातात उंच धरून गुलमंडीतून चालत निघालो, तू जसा नेत असशील तसा. ओळखीचे दोघं भेटले. "काय साहेब, कुठं?" मी म्हणालो, "कपडे पोचवायला. दादाच्या लॉन्ड्रीतले." दोघांनीही फक्त "बरं बरं" म्हटलं आणि गेले. दादा, एवढंच होतं ते. बरं बरं. याच्यासाठी मी आयुष्य काढलं.

पुढं रिक्षा केली. सरांच्या दारात उभा राहिलो तेव्हा हात भरून आला होता. दार सरांनीच उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कोटाकडं बघितलं, चष्मा लावला आणि गिऱ्हाईक बघतं तशी कॉलर उलटून बघितली.

"माझाच," म्हणाले.

मी उंबऱ्याबाहेरच बोललो, आत गेलो असतो तर जमलं नसतं. म्हणालो, "सर, साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही बरोबर ओळखलं होतं. माझा भाऊ लॉन्ड्री चालवायचा. तुमच्यासमोर मी खोटं बोललो. त्याच्यासमोर बोललो."

सरांनी हात पुढं केला. कोट घेतला, खिशाच्या जागी, जिथं शाई होती तिथं, अंगठा फिरवला. तेवढ्यात पल्लवी आतून आली. "बाबा! असे बाहेर का?" मग तिनं कोट बघितला. "हा तर काकांकडचा कोट!" ती सासऱ्यांकडं बघत म्हणाली. "मी केव्हाची म्हणतेय पप्पांना, जाऊन घेऊन या म्हणून."

मी म्हणालो, "तुला माहीत होतं? तुमच्या घरात?"

"काय? काकांची लॉन्ड्री? अहो बाबा, लग्न झाल्यावर आठ दिवसांत मीच सांगितलं सगळ्यांना. यांच्या शेरवानीवर हळद पडली होती ना. मी म्हटलं, माझे काका काढतील, त्यांच्यासारखा कुणी नाही. पण काकांना आणायला गेले की म्हणायचे, दुकान बंद ठेवता येत नाय गं." ती माझ्याकडं बघत राहिली. "का हो?"

मी सरांकडं बघितलं. ते म्हणाले, "मी कोट न्यायला गेलो असतो तर त्यांना माझ्याशी पुन्हा अनोळखी वागावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं. वाटलं, एक दिवस तुम्ही त्यांना घेऊन याल." त्यांनी कोट खांद्यावर टाकला. "दोघं मिळून आला असता तर बरं झालं असतं."

पल्लवीनं मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी पाणी हातात धरून बसलो, मला ते पिता येईना.

दादा, तीन वर्षं तू ज्या घरापासून माझ्यासाठी लांब राहिलास, त्या घरात माझं खोटं आठ दिवसही टिकलं नव्हतं. तिथं तुझं कौतुक चालायचं. तुझी वाट बघायचे. माझ्या त्या बोलण्यावर भरवसा ठेवून वागणारा या सगळ्या शहरात एकच माणूस होता, आणि तो तू होतास.